वरून यादी, खालून पिशवी

मला 2011 पासून संधिवात आहे, म्हणजे तो म्हातारपणी गुडघे दुखतात तो नाही, र्‍हुमॅटॉइडवाला. यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते, मग तिला औषधांनी दाबून ठेवायचं. दर रविवारी रात्री मेथोट्रेक्सेट, रोज एचसीक्यू म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, मधल्या दिवसांत फॉलिक अ‍ॅसिड आणि अधूनमधून थोडं स्टिरॉइड. नऊ वर्षं हे इतकं अंगवळणी पडलेलं की मी स्वतःला आजारी वगैरे समजतच नव्हते, शाळेत शिकवत होते, स्कूटी चालवत होते, भाजी स्वतः निवडून आणत होते. आणि मग 2020 च्या मार्चमध्ये कोरोना आला, टीव्हीवर रोज सांगायला लागले की ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी आणि साठीच्या वरच्यांनी घराबाहेर पडू नये. आमच्या घरात माणसं दोनच, एक मी आणि दुसरी आई, वय 78, बीपी आणि शुगर. भाऊ पुण्यात. म्हणजे घरातलं अख्खं मनुष्यबळच "पडू नये" मधलं, आता बाहेर पडणार कोण ते सांगा.

इंदूरला कोणाला सुरुवातीला हे खरं वाटतच नव्हतं. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघते ती मिरवणूक, रद्द झाली तेव्हा लोक हळहळले, पण 22 तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि संध्याकाळी थाळ्या वाजवायला लोक राजवाडा चौकात गर्दी करून नाचले, ते व्हिडिओ बघून आई म्हणाली की हे रोगाला घालवून राहिलेत की बोलावून राहिलेत. तिसऱ्या दिवशी गुढीपाडवा, आणि त्याच दिवसापासून लॉकडाउन. गाठी मी आठवडाभर आधी आणून ठेवल्या होत्या हे नशीब, फुलं नव्हती, कडुलिंब समोरच्यांच्या झाडाचा. त्यांच्या मुलाने गेटवरून डहाळी वर फेकली, ती आमच्या गॅलरीत न पडता छज्ज्यावर पडली, मग मी झाडूच्या दांड्याने ओढून घेतली. पुढचं दीड वर्ष कसं जाणार आहे त्याचा तो ट्रेलरच होता म्हणा.

पहिली अडचण किराण्याची नाही, औषधाची आली. त्याच आठवड्यात तिकडे अमेरिकेत ट्रम्पसाहेबांनी कोरोनावरचं औषध म्हणून एचसीक्यूचं कौतुक केलं, इकडे आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, कोविड ड्यूटीवरच्या डॉक्टर-नर्सना ती घ्यायला सांगितली, आणि ज्यांना काही झालेलं नाही त्या लोकांनी दुकानं रिकामी केली. माझ्याकडे 11 गोळ्या उरलेल्या. नेहमीच्या मेडिकलवाल्याला फोन केला तर तो म्हणे, "दीदी, वो तो आधा मोहल्ला ले गया, अब आप भी?" मला इतका राग आला ना, मी म्हटलं भैया, मी नऊ वर्षांपासून तुमच्याकडून घेते आहे, मी "आप भी" नाही, बाकीचे "आप भी" आहेत. त्याचंही बरोबर होतं म्हणा, फोनवर प्रत्येक जण स्वतःला जुना पेशंटच सांगत असणार. मग 26 मार्चला सरकारने ती गोळी शेड्यूल एच-1 मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही आणि दुकानदाराने रजिस्टरमध्ये पेशंटचं, डॉक्टरचं नाव लिहायचं. हे चांगलंच झालं पण माझी चिठ्ठी सहा महिने जुनी आणि डॉक्टरांचं क्लिनिक बंद.

डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅप केला. त्याच सुमारास टेलिमेडिसिनचे नियम आले होते त्यामुळे त्यांनी फोनवरच सगळं विचारलं, मुठी वळतात का, सकाळचा आखडलेपणा किती वेळ राहतो, आणि नवीन चिठ्ठीचा फोटो पाठवला. म्हणाले घाबरू नका, ही गोळी शरीरातून फार हळू जाते, आठ-दहा दिवस चुकली तर लगेच काही कोसळत नाही, पण मेथोट्रेक्सेट भीतीने मनानेच बंद करू नका, ताप आला तर मात्र ती थांबवा आणि मला आधी फोन करा. हे वाक्य मी कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. बाकी व्हॉट्सअ‍ॅपवर रोज जे काढे येत होते त्याच्यापेक्षा त्या एका कागदाने जास्त धीर दिला.

आता चिठ्ठी आहे पण जाणार कोण. तो कडुलिंबवाला समोरचा मुलगा, तेव्हा इंजिनीयरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, त्यानेच खालून ओरडून विचारलं, "आंटी, कुछ लाना है क्या?" आणि मी काय म्हणावं? "नहीं नहीं बेटा, सब है." सगळं आहे! घरात नऊ गोळ्या उरलेल्या आणि मी गॅलरीतून हसून सांगते आहे की सगळं आहे. आत आले तर आई म्हणाली, तुझ्या बाबांसारखीच आहेस, पाण्यात बुडत असते तरी म्हणाली असतीस की पोहून राहिले. दुसऱ्या दिवशी आईनेच त्याला हाक मारली, तिच्या त्या मराठी-हिंदीत, "अरे बाळा, इसकी गोळी खतम हो रही है, और ये बोलती नहीं." तो तीन दुकानं फिरला, तिसऱ्यात दोन पत्ते मिळाले. वाटेत पोलिसांनी अडवलं, त्याने मोबाइलवर चिठ्ठी दाखवली, त्यावर माझं नाव आणि वय 53, स्त्री. पोलिस म्हणे ये तू है क्या? तो म्हणे नहीं सर, मैं तो डिलीवरी हूँ.

मग आमची सिस्टिम बसली. आम्ही पहिल्या मजल्यावर, गॅलरीला लोखंडी जाळी. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी काढली, तिला बाजाराची कापडी पिशवी बांधली, पिशवीत यादी. पिशवी खाली जाते, सामान घेऊन वर येते. ऐकायला सोपं आहे. माझी बोटं सकाळी तास-दीड तास वळतच नाहीत, त्यामुळे सकाळी आलेलं सामान मला ओढता येत नसे, आणि आईला ओढू द्यायची माझी हिंमत नव्हती. शेवटी मी दोरी जाळीच्या आडव्या गजावरून घ्यायला लागले, वीतभर ओढायची, मग गजाला वेढा देऊन धरायची, म्हणजे वजन गजावर पडतं आणि बोटांना दम खाता येतो, मग वेढा सोडून परत वीतभर ओढायची. तरी आट्याची पाच किलोची थैली अर्ध्यावर अटकली आणि तिथेच लोंबत राहिली, खाली तो दोन्ही हात वर करून कॅच घ्यायला उभा. त्यानंतर तो आटा दोन पिशव्यांत वाटून द्यायचा.

30 मार्चपासून इंदूरला आणखी कडक केलं, किराणा दुकानंसुद्धा बंद. मग नगर निगमने घरपोच किराणा सुरू केला, कचरा गाडीवाल्यांकडे यादी द्यायची. बाहेरगावच्या लोकांना हे विचित्र वाटतं, कचरा गाडीकडे किराण्याची यादी! पण आमच्याकडे कचरा गाडी ही एकच गोष्ट आहे जी काही झालं तरी रोज प्रत्येक दारात येते, 2017 पासून शहर सफाईत दरवर्षी पहिलं येत होतं ते उगाच नाही. गाडीचं गाणं लांबून ऐकू आलं की आई यादी घेऊन तयार. दोन-तीन दिवसांनी सामान यायचं. बटाटे-कांदे मिळायचे, हिरवी भाजी मात्र बरेच आठवडे दिसलीच नाही.

यादी लिहिणं ही काय चीज आहे ते मला तेव्हा कळलं. एरवी आपण दुकानात जातो, काउंटरवर उभं राहून बघतो, बोट दाखवतो, हे नको ते द्या म्हणतो, यादी नुसती आठवणीपुरती असते. आता यादी म्हणजेच मी. जे लिहिलं तेच येणार, आणि आलं की परत करायचं नाही कारण परत म्हणजे त्या पोराला परत एक चक्कर. पहिल्या यादीत मी सवयीने भगर, शेंगदाणे, रवा, मटकी असं मराठीतच लिहिलं. जन्म इंदूरचा, दुकानात तोंडाने मोरधन, मूंगफली दाना, सूजी, मोठ सगळं हिंदीत बोलते, पण हातात पेन आलं की हात मराठीत चालतो. त्याने फोटो काढून विचारलं, आंटी ये भगर क्या है, मिस्त्री वाली चीज़ है क्या? मग मी दोन रकाने करायला लागले. आणि तरीही मेथी झालीच. मे महिन्यात कळलं की एका दुकानात भाजी येते आहे, मी घाईत किराण्याच्याच यादीत शेवटी लिहिलं, मेथी अर्धा किलो. आला अर्धा किलो मेथीदाणा! चूक शंभर टक्के माझी, मला मेथीची भाजी हवी होती. अर्धा किलो मेथीदाणा म्हणजे लोणच्याची किती वर्षं झाली असती त्याचा हिशोब आई जेवताना करायची. शेवटी तिने त्यातला मूठभर दाणा भिजवून फुटक्या प्लास्टिकच्या टबात माती घालून पेरला, चौथ्या दिवशी अंकुर वर आले, तीन आठवड्यांनी आम्ही बोटभर उंचीची कोवळी मेथी कात्रीने कापून पिठल्यावर घातली. कात्रीने, कारण चिमटीने खुडायला माझी बोटं नाही म्हणतात. उरलेला दाणा अजून बरणीत आहे.

सामान वर आलं की धुणं. त्या वेळी आपण सगळेच वेडे झालो होतो. मी गॅलरीत टब ठेवून प्रत्येक पाकीट साबणाच्या पाण्यातून काढत होते, बिस्किटाचे पुडे, तेलाची पिशवी, मिठाची थैलीसुद्धा, बटाटे तर घासून घासून पांढरे केले. दोन आठवड्यांत बोटांच्या पेरांवर सूज चढली, उजव्या हातातली अंगठी निघेना, शेवटी तेल लावून अर्धा तास खटपट करून काढली. डॉक्टर फोनवर म्हणाले तुम्ही कोरोनापासून वाचाल पण हात घालवून बसाल. मग ठरवलं की दुधाची पिशवी तेवढी धुवायची, बाकी जे नासणारं नाही ते गॅलरीच्या कोपऱ्यात तीन दिवस तसंच पडू द्यायचं. पण कुठलं सामान कधी आलं हे लक्षात कसं राहणार, तर आईने खडूने फरशीवर चौकोन आखले आणि प्रत्येकात तारीख नाही, तिथी लिहायला लागली. चतुर्थीचा किराणा, षष्ठीची साखर. मी विचारायचे आई डाळ कुठली घेऊ, ती म्हणायची द्वितीयेची घे, पंचमीची अजून विटाळात आहे. हसून हसून पुरेवाट. नंतर हळूहळू सगळीकडूनच सांगायला लागले की वस्तूंना हात लागून फारसं पसरत नाही, हवेतूनच पसरतं, तेव्हा ते चौकोन पुसले, पण खरं सांगते, मला ते पुसताना जरा वाईटच वाटलं.

या सगळ्यात मला सर्वात जड गेलं ते मागणं. गोळी मागता येते, आटा मागता येतो, ते जीवनावश्यक आहे. पण आईला सेव हवी होती. इंदूरच्या माणसाला सेव जीवनावश्यक नाही हे कोणी ठरवलं मला माहीत नाही, पोह्यांवर सेव नसेल तर ते पोहे नाहीतच, नुसतं भिजवलेलं धान्य आहे. पण बाहेर कर्फ्यू आणि त्या पोराला मी सांगू की जा, पोलिसांचे दांडे चुकवत पाव किलो लौंग सेव घेऊन ये? मी यादीत लिहायचे आणि खोडायचे. खोडलेलं त्याला दिसलं असणार, एक दिवस पिशवीत न सांगता त्यांच्या घरच्या डब्यातली सेव आली. आईने लगेच शिरा करून त्याच पिशवीतून खाली सोडला. त्याच्या आईने फोनवर हसत सांगितलं की डबा मी साबणाने दोनदा धुतला, मग शिरा तर धुता येत नाही, तो तसाच खाऊन टाकला.

आणि निवड गेली हे दुसरं. तो पोरगा सोन्यासारखा, पण भाजीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. भेंडी आणायची तर बोटाएवढी जाड, जून, चिरताना दोरे निघणारी. दोडका आत कापसासारखा. मी काही बोलू शकत नव्हते, फुकट आपलं काम करणाऱ्याला कसं सांगायचं की बाबा भेंडीचं टोक मोडून बघ, कट् आवाज आला तर घे. एकदा हिंमत करून व्हॉट्सअ‍ॅपवर भेंडीचा व्हिडिओ करून पाठवला, पुढच्या वेळी भेंडी छान आली पण सगळ्यांची टोकं मोडलेली.

पैशाचं म्हणाल तर मी तोवर ऑनलाइन पेमेंटला घाबरत होते, भावाने पुण्याहून फोनवर शिकवलं. आई मात्र शेवटपर्यंत डायरीत हिशोब लिहीत राहिली, पै न् पै. पेट्रोलचे पैसे त्याने कधीच घेतले नाहीत, तो आकडा आईच्या डायरीत अजून "येणे नाही, देणे" म्हणून उभा आहे.

नोव्हेंबरात आईच्या फॅमिली पेन्शनचा हयातीचा दाखला. बाबा टेलिग्राफ खात्यात होते. दरवर्षी बँकेत जाऊन जिवंत असल्याचं दाखवावं लागायचं, त्या वर्षी मुदत आधी डिसेंबरपर्यंत आणि मग 28 फेब्रुवारीपर्यंत वाढवली, तरी आईला धीर नाही, पेन्शन थांबली तर? मग कळलं की पोस्टमन घरी येऊन मशीनवर अंगठा घेतो आणि दाखला ऑनलाइन जातो, 70 रुपये. तो आला, मास्क, फेस शील्ड, खिशात सॅनिटायझर. आम्ही खुर्ची जिन्यात ठेवली. मशीनला किती जणांनी बोटं लावली असतील या विचाराने मी आईच्या बोटाला भरपूर सॅनिटायझर चोळला, आणि ओलं बोट मशीन घेईना. पुसलं, तरी घेईना, 78 वर्षं भांडी-धुणं करून रेषाच गुळगुळीत झालेल्या. अंगठा नाही, तर्जनी नाही, डाव्या हाताचं मधलं बोट सातव्या वेळी लागलं. पोस्टमन म्हणे, "हो गया माताजी, आप जीवित हो." आई म्हणाली, मला सकाळपासून माहीत होतं.

लसीचं लवकर सांगून टाकते. 1 मार्च 2021 पासून साठीच्या वरच्यांना आणि 45 ते 59 मधल्या आजार असलेल्यांना सुरू झाली. आजारांची वीस कलमी यादी होती, त्यात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बरेच दिवस घेणारे हे होतं, डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं. एक वर्षात पहिल्यांदा मी बाहेर पडले ती लस घ्यायला, 250 रुपये आणि रिक्षाचे वेगळे. डॉक्टरांनी लसीनंतरच्या रविवारची मेथोट्रेक्सेट वगळायला सांगितली होती, म्हणजे लसीला नीट काम करता येईल, मग त्या आठवड्यात सांधे जरा कुरकुरले, बस.

आणि एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा समोरच्या घरात तिघंही पॉझिटिव्ह. दवा बाजारासमोर रेमडेसिविरच्या इंजेक्शनसाठी रांगा लागल्याचे फोटो येत होते, बेड मिळत नव्हते, आणि त्या मुलाचा फोन आला, आवाज बसलेला, "आंटी, थर्मामीटर है क्या आपके पास?" तोपर्यंत मी वर्षभर घरात बसून या कामात पक्की झालेली होते. कुठला किराणावाला फोनवर ऑर्डर घेतो, कोणाकडचा पोरगा गेटवर सामान ठेवून बेल वाजवून जातो, कुठल्या मेडिकलवाल्याला फोटो पाठवला की संध्याकाळपर्यंत येतं, सगळे नंबर माझ्याकडे. त्यांच्या तिघांचं दूध, भाजी, पॅरासिटामॉल, नारळपाणी, सगळं मी फोनवरून लावलं, तीन आठवडे. रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर आमच्याकडे एकच होता, तो दोरीने खाली सोडला, दूधवाल्याने उचलून त्यांच्या पायरीवर ठेवला. सकाळ-संध्याकाळ ते मला आकडे पाठवायचे आणि आई पेन्शनच्या डायरीत मागच्या पानावर लिहून ठेवायची, 94, 93, 95. त्याचे वडील 91 वर गेले त्या रात्री आम्ही दोघी झोपलो नाही. सकाळी 94 आला. सेव मी न विचारता पाठवली.

मी स्वतः भाजी घ्यायला गेले ते ऑक्टोबरमध्ये, दोन्ही डोस होऊन बरेच महिने झाल्यावर, दोन मास्क लावून, दुपारी तीन वाजता, ठेल्यावर दुसरं कोणी नाही बघून. भेंडी होती. एक उचलली, अंगठ्याने टोक दाबलं, मोडेना, माझ्या अंगठ्यात जोर नव्हता की भेंडी जून होती कळेना. दोन्ही हातांनी दुसरी मोडली, कट्. तिसरी मोडली. चौथी. ठेलेवाला बघत होता, शेवटी ओरडला, "दीदी, सब तोड़ डालोगी क्या? जो तोड़ी है वो लेनी पड़ेगी."

घेतली. पाऊण किलो भरली.